भाऊजींचं सॅन फ्रान्सिस्को

मी लग्न होऊन डोंबिवलीला आले, त्याच वर्षी माझे धाकटे दीर अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकून परत आले. आमच्या दोन खोल्या होत्या आणि पुढे ओटी; जागा नाही म्हणून माझं शिवणाचं मशीन माहेरीच राहिलं होतं. संध्याकाळी ओटीवर आळीतली निम्मी माणसं जमायची, आणि भाऊजी येताना आणलेली रंगीत चित्रांची कार्डं एकेक करून फिरवायचे.

"न्यूयॉर्कात वर बघायला लागलं की डोक्यावरची टोपी पडते. शिकागोचा तलाव एवढा, की पलीकडचा काठ दिसत नाही. पण शहर म्हणाल ना वहिनी, तर सॅन फ्रान्सिस्को!"

तिथे ते सुट्टीत आठ दिवस राहिले होते, तेवढेच. पण समुद्रावरचा तो लाल पूल, घसरगुंडीसारखे उभे रस्ते, दोराने ओढली जाणारी ट्राम, यांचं वर्णन करताना त्यांचा चेहरा उजळायचा. त्याच शहरात त्यांना आता नोकरी मिळत होती. जाऊ का, असं त्यांनी सासूबाईंना विचारलं होतं. सासूबाई हो म्हणाल्या नव्हत्या, नाही म्हणाल्या नव्हत्या. कार्ड हातात आलं की न बघताच पुढे द्यायच्या.

एकदा तांदूळ निवडताना मला म्हणाल्या, "एकाही चित्रात माणूस नाही गं. सगळं कसं धुऊन-पुसून मांडून ठेवल्यासारखं. हा तिथे आजारी पडला तर कुणाचं दार वाजवील?"



आमचे हे जवळच्याच मोहने गावातल्या रेयॉनच्या कारखान्यात होते. तिथे यंत्रं बसवायला एक अमेरिकन इंजिनिअर आला होता, बायकोला घेऊन. श्रावणातल्या एका रविवारी ह्यांनी दोघांना जेवायला बोलावलं. झालं, घरात धावपळ. मी वालाचं बिरडं केलं, तिखट बेतानेच. पण चार दिवस पावसाने उघडीप दिली नव्हती, आणि खोलीभर दोऱ्यांवर ओले कपडे लोंबत होते. धोतरं, लुगडी, सगळं. सासूबाई काढायला धावल्या, तोवर पाहुणे दारात.

बाई उंच, पन्नाशीच्या. एका लुगड्याखालून वाकून आत आल्या आणि हसत काहीतरी म्हणाल्या. भाऊजी चमकून त्यांच्याकडे बघायला लागले.

"काय म्हणते रे?" सासूबाईंनी भाऊजींना विचारलं.

"आई, म्हणतायत, अगदी माझ्या घरी आल्यासारखं वाटलं. त्या सॅन फ्रान्सिस्कोच्याच आहेत."

सासूबाई पाट सरकवून त्यांच्यासमोर बसल्या. "विचार तिला, तिथेही कपडे वाळत नाहीत?"

बाईंना जणू माहेरचं माणूस भेटलं. सांगतच सुटल्या. ऐन उन्हाळ्यात दुपारपासून धुकं येतं, चादरी दोन-दोन दिवस दमट राहतात. पूल महिना महिना नीट दिसत नाही. त्या ट्राममध्ये शहर बघायला आलेले लोक लटकलेले असतात, त्यामुळे भाजीच्या पिशव्या घेऊन पायीच चढ चढताना गुडघे बोलायला लागतात. भाऊजी हे सगळं मराठीत सांगत होते, पण त्यांचा आवाज पडत चालला होता. सासूबाईंचा मात्र चढत होता.

"गुडघ्याला काय लावतेस?"

कसलंसं तेल, त्या म्हणाल्या. शेजारची इटालियन म्हातारी देते.

"म्हणजे शेजारणी आहेत?"

"त्या म्हणतात, आहेत की. त्या म्हातारीशी भांडण झालं तर चार दिवस अबोला. पण ताप आला की तीच सूप घेऊन येते."

सासूबाई मोठ्याने हसल्या. लग्न झाल्यापासून त्यांना इतकं मोकळं हसताना मी प्रथमच बघत होते. बाईंच्या पानात त्यांनी न विचारता बिरडं वाढलं, आणि बाईंनीही नाक-डोळे पुसत ते संपवलं.

पाहुण्यांना पोचवून भाऊजी परत आले, ते जरा हिरमुसलेलेच. "आई, इतकं काही वाईट नाहीये ते शहर."

"वाईट कोण म्हणतंय?" सासूबाई केळीची पानं उचलत म्हणाल्या. "तू सांगत होतास ते देखावे होते. त्यात मी तुला कुठे ठेवू, कळत नव्हतं. आता कळलं. जा तू."

भाऊजी त्यांच्याकडे बघतच राहिले. मग खाली वाकून पानं उचलू लागले. घरात ते काम त्यांनी कधी केलं नव्हतं.

दिवाळीनंतर ते बोटीने गेले. धक्क्यावर आम्ही सगळेच रडलो, सासूबाईसुद्धा.  दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर त्या एकट्याच भाऊजींची खाट भिंतीपासून ओढत होत्या.

"धर गं त्या बाजूने. खिडकीशी उजेड चांगला येतो. तुझं शिवणाचं मशीन माहेरी धूळ खात पडलंय ना, ते आणून ठेव इथे."