घरचं मी बघते

समोरच्याचं वाक्य पुरं होण्याआधीच ती पदर कमरेला खोचायची. वाक्य तिला पाठ होतं: "बाईला दवाखान्यात नेलं, तर घरचं कोण बघंल?"

"मी," ती म्हणायची.

ती जळकोट तालुक्यातल्या एका गावची आशा कार्यकर्ती. बातमीच्या निमित्तानं काही दिवस मी तिच्याबरोबर फिरलो. तुम्हीही पाहिलं असेल, पुरुष आजारी पडला की घर त्याच्याभोवती जमतं. बाई पडली की आधी भाकरीचा विचार होतो.

त्या दिवशी एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरी गेलो. सुनेच्या अंगावरून चार महिने रक्त जात होतं. हिमोग्लोबिन पाच, हवं बारा. ती भिंतीला धरून उभी होती.

"बायकांचं असतंच की हे," नवरा म्हणाला.

"हाव," आशा म्हणाली. "तुम्हाला ताप आला तवा दोन गाड्या निघाल्या लातूरला. हिच्यासाठी सायकल बी निघंना."

सासूनं विचारलं, "भाकरी कोण थापंल?"

"मी."

सासूनं चुलीकडे पाहिलं. आशा बौद्ध घरातली, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. शेवटी सासू म्हणाली, "आमच्यात चालत न्हाई, बाई."

मला वाटलं, आता ही उठून जाईल. ती उठली, पण गोठ्याकडे गेली.

"मग भाकरी तुम्ही थापा, मावशी. शेण मी काढते. म्हशीला चालतंय."

नवऱ्याला हसू फुटलं. मग तो खाली मान घालून बायकोची चप्पल शोधू लागला. रुग्णवाहिका आशानं आधीच बोलावून कोपऱ्यावर उभी केली होती.

लातूरला सुनेला तीन बाटल्या रक्त चढलं. पाच दिवस आशा रोज सकाळी यायची, गोठा झाडायची, शेणाची पाटी उकिरड्यावर रिकामी करायची आणि आपल्या फेरीला निघायची. म्हशीशी बोलायची, सासूशी नाही. चेहऱ्यावर राग नाही, उपकारही नाही. असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

सहाव्या दिवशी सून घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारपूस करायला गेलो. सून उन्हात बसली होती. ओठांना रंग आला होता. सासू दारात उभी होती, हातात घरातली कपबशी. चहावर साय धरली होती.

"आज आली न्हाई का ती?"

"सून आली ना घरी," मी म्हणालो. "आता कशाला येईल?"

 सासू कपबशी तशीच धरून रस्त्याकडे बघत राहिली.