मामांचा पेनड्राइव्ह

महेशचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होते. "मीनाताई, अप्पा गेले," एवढंच तो म्हणाला. दुपारी जेवून पडले होते, ते उठलेच नाहीत. परभणीहून ताडकळसला जाणारी पुढची एसटी पाऊण तासानं होती. तो पाऊण तास मी स्टँडवर बसूच शकले नाही. या टोकाहून त्या टोकाला फिरत राहिले. डोक्यात एकच गोष्ट घोळत होती... महेशला सांगायचं राहिलं. आता सांगावं की नाही?

मामांना जाऊन दीड महिना झाला. ती घालमेल अजून पुरती शमलेली नाही, म्हणून हे लिहिते आहे.

विश्वनाथमामा, म्हणजे महेशचे अप्पा, माझ्या आईचे धाकटे भाऊ. ताडकळसला त्यांचं कापडाचं दुकान. सकाळी इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय ते चहालाही शिवत नसत, आणि दुकानात बसले की कव्वालीशिवाय त्यांचं चालत नसे. काचबिंदूनं त्यांची दृष्टी हळूहळू गेली. पण नजर गेल्यावरही ते गल्ल्याशेजारी बसत आणि गिऱ्हाईकाच्या हातातलं कापड नुसतं चिमटीत धरून सांगत, "हे टेरिकॉट हाय, उन्हाळ्यात घेऊ नको." बाजाराच्या दिवशी लोक मुद्दाम त्यांच्याकडून पारख करून घेत.

मामी गेल्यावर मात्र ते घरात जास्त राहू लागले. महेशनं त्यांना एक छोटा स्पीकर आणून दिला, आणि पेनड्राइव्ह भरून देण्याचं काम माझ्याकडे आलं. भजनं, प्रवचनं, कव्वाल्या, आणि मामीचे अकरा निरोप. लेकीच्या बाळंतपणाला मामी पालमला गेली होती तेव्हा तिनं फोनवर बोलून पाठवलेले. त्यात विशेष काही नव्हतं. दूध तापवून ठेवा, कुलूप ओढून बघा, असलं. ते सगळ्यात आधी हवेत, असं मामांनीच सांगितलं होतं.

पण आपल्याकडची वीज. लाइट गेली आणि आली की तो स्पीकर पुन्हा पहिल्यापासून वाजायला लागे. म्हणजे दिवसातून पाच-सहा वेळा मामीचा आवाज यायचा, "अवं, जेवलाव का?" आणि मामा बाजेवरून अर्धे उठायचे. महिनाभरानं त्यांनी मला सांगितलं, "मीने, तिला पहिल्या नंबरावर नको ठिवू. दचकायला हुतंय."

मी पेनड्राइव्ह परभणीला आणला, लॅपटॉपला लावला, सगळ्या फायलींना नव्यानं नंबर दिले. पहिली कव्वाली, मामी मध्ये. लॅपटॉपवर वाजवून पाहिलं, क्रम बरोबर होता. महेशबरोबर परत पाठवून दिला. चार दिवसांनी मामांचा फोन, अजून तीच पहिली येते. मी पुन्हा मागवला, पुन्हा पाहिलं. पुन्हा बरोबर. तिसऱ्यांदा त्यांनी तेच सांगितलं तेव्हा मी वैतागले. परीक्षांचे दिवस होते, हातात शंभर कामं होती. "मामा, मी स्वतः बघितलंय. तुमीच विसरायलाव," मी म्हणाले. ते म्हणाले, "आसंल बाई."

हे मी महेशलाही सांगितलं. त्याला दुकानातून उसंत नव्हती. ताईनं लॅपटॉपवर बघितलंय म्हणजे अप्पांचंच काहीतरी बिघडलंय, असं त्यानं धरलं आणि तो त्यांना नांदेडला डॉक्टरांकडे घेऊन गेला. वयाप्रमाणे विसरणं सुरू झालं असेल, म्हणून गोळ्या चालू झाल्या. पुढं मामांनी दुकानात बसणंही आपणहून सोडलं. कुणी कापड पुढं केलं तर म्हणायचे, माझं काय खरं न्हाई आता, महेशला इचारा. आमच्यापैकी एकानंही त्या स्पीकरजवळ पाच मिनिटं बसून ऐकलं नाही. लाइट जाऊन येईपर्यंत थांबलं असतं तरी पुरे होतं...

खरं काय ते कळलं कॉलेजच्या स्नेहसंमेलनात. नंबर घालून मी गाणी दिली होती, आणि स्वागतगीताच्या जागी भलतंच गाणं वाजलं. मी साउंडवाल्यावर चिडले. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, ह्या मशीनला नंबर कळत न्हाईत. ज्या क्रमानं भरलं त्या क्रमानं वाजतंय. क्रम बदलायचा तर सगळं पुसा आन एकेक करून टाका."

मामांचा स्पीकरही असाच असणार. मी तिथल्या खुर्चीवर बसले ती कार्यक्रम संपेपर्यंत उठले नाही. पाहुण्यांचं भाषण झालं, बक्षिसं झाली, मला काही आठवत नाही.

रविवारी लॅपटॉप घेऊन ताडकळसला गेले. महेश दुकानात होता. मामांना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ते म्हणाले, "म्हंजे मी बराबर व्हतो?"

"हो मामा. तुमीच बरोबर होता."

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मी रडायला लागले तसे मलाच समजावू लागले. मग म्हणाले, महेशला हे सांगू नको. का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "त्याच्या जिवाला लागंल. मी सांगंन सवडीनं." मला ते पटलं नव्हतं. तरी मी हो म्हणाले, कारण खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचं होतं.

मग आम्ही पेनड्राइव्ह पुसला. आता ह्यात काहीच नाही का, त्यांनी विचारलं. नाही, मी म्हणाले. "मंग तुझी मामी कुठं हाय आत्ता?" मी म्हणाले, लॅपटॉपात हाय. त्यांनी चाचपडत लॅपटॉपची कड धरली आणि सगळं भरून होईपर्यंत सोडली नाही. एकेक गाणं ते सांगत होते, मी टाकत होते. मामीचे निरोप मात्र माझ्या मनानं कुठंही टाकायला सांगितले. "कवा यील ते मला कळू देऊ नको," म्हणाले. झाल्यावर त्यांनी स्पीकरचं बटण तीनदा बंद करून चालू केलं. तिन्ही वेळा कव्वालीच लागली. तिसऱ्यांदा ते पोटभर हसले.

त्यानंतर दोनच महिने ते राहिले. महेशला त्यांनी काही सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात मी गेले आणि मामांच्या खोलीत बसून महेशला सांगून टाकलं. तो चिडेल, मला बोलेल, अशी तयारी होती. तो बाजेच्या पट्ट्या चाचपत बसला. मग म्हणाला, डॉक्टरांनी एक सराव सांगितला होता. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी तो अप्पांजवळ बसून त्यांच्याकडून मराठी महिने म्हणून घ्यायचा, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत. सुरुवातीला ते घडाघडा म्हणायचे. नंतर रोज एखादा गाळायला लागले. श्रावण झाला की थेट आश्विन. भाद्रपद राहिला अप्पा, म्हटलं की हसायचे आणि पुन्हा चैत्रापासून सुरू करायचे.

ज्यांनी आयुष्यभर सण आणि लग्नसराईच्या हिशेबानं माल भरला, ते भाद्रपद विसरतील? मी त्याला विचारलं, हे गाळणं कधीपासून सुरू झालं. त्यानं आठवून पाहिलं. मी लॅपटॉप घेऊन आले होते, त्याच आठवड्यापासून.

"मला वाटलं, दुखणं वाढायलंय," महेश म्हणाला. "आधी दहा मिनिटं बसायचो. मंग अर्धा-अर्धा तास बसायलो त्यांच्यापाशी."