त्या ओळीखाली माझी सही

"नाटक है," डॉक्टर म्हणाले.

माझी मुलगी खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. मैत्री. सहा वर्षांची. मांड्यांना हात लावू देत नव्हती. चादर घासली तरी किंचाळत होती. डॉक्टरांनी तिला हात लावलाच नाही. पेनाच्या टोकाने केसपेपर आपल्याकडे फिरवला. आडनाव वाचलं. म्हणाले, "अच्छा."

मग माझ्याकडे पाहिलं. "सिकलसेल. तुम लोगों में रहता ही है. लग्नाआधी रक्त नाही तपासलं? शिकलेल्या दिसता."

त्यांच्या मागे पाच-सहा शिकाऊ डॉक्टर होते. एक हसला. माझ्याच वयाची एक मुलगी होती, ती स्वतःच्या चपलांकडे बघत राहिली.

मला सांगायचं होतं की कालपासून तिला तापही आहे. श्वास घेताना छातीत दुखतं म्हणते. वाक्य तयार होतं. राउंड सुरू झाल्यापासून मी ते मनात म्हणून पाहत होते. तोंडातून आलं ते एवढंच, "सर, तिला छातीत..."

"इंजेक्शन दिया ना? आदत पड जाती है इनको." ते शिकाऊंकडे वळले. "द प्रॉब्लेम इज द मदर."

मला इंग्रजी कळत असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. मला सगळं कळलं. मी खाली मान घालून उभी राहिले.

हे २०१२ सालचं. गोंदिया जिल्ह्यातल्या एका मोठ्या दवाखान्यातलं. नाव लिहीत नाही. लिहिलं तर लोक म्हणतील, तिथेच तसं होतं.

सिकलसेल म्हणजे रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात. नसांत अडकतात. जिथे अडकतात तिथे असं दुखतं की मोठा माणूसही गडबडा लोळतो. आईकडून अर्धा दोष आणि बापाकडून अर्धा दोष आला की मूल आजारी होतं. आमच्याकडे गोंडांत आहे, आम्हा बौद्धांत आहे, इतरांतही आहे. पण नाव घेतलं की लोक आधी जात ओळखतात, मग आजार.

डॉक्टरांचा तो प्रश्न बरोबर जागी लागला होता. कारण मला माहीत होतं. कॉलेजमध्ये असताना तपासणीवाले आले होते. माझ्यात अर्धा दोष निघाला. तसं कार्ड मिळालं. आईने ते माझ्या हातातून घेतलं आणि पेटीत साड्यांच्या खाली टाकलं. म्हणाली, "कोणाले सांगू नको. लगन जुळन का मंग?" नवऱ्याच्या घरीही असंच एक कार्ड असंच कुठेतरी दडपलेलं होतं, हे मैत्री आजारी पडल्यावर कळलं. आमच्यात पत्रिका जुळवत नाहीत. त्याचा आम्हाला अभिमान. मुलगी पाहायला आले तेव्हा पोहे झाले, चहा झाला, नोकरीचं बोलणं झालं, वंदना झाली. रक्ताचं कोणी विचारलं नाही. विचारणं म्हणजे मुलीला डाग लावणं. पत्रिका सोडली आणि कार्ड लपवलं. दोन्ही घरांनी. मीही.

म्हणून मी गप्प राहिले. पण तेवढंच कारण नव्हतं.

माझे बाबा रेल्वेत गँगमन होते. रुळावर उन्हातान्हात उभं राहून त्यांनी मला गोंदियातल्या इंग्रजी शाळेत घातलं. म्हणायचे, "इंग्रजी आली का कोणी तुले दारात उभं नाही करणार." इंग्रजी आली. पहिलीत मधल्या सुट्टीत शेजारच्या मुलीने विचारलं होतं, "तुम लोग कौन हो?" मी सांगितलं. ती म्हणाली, "अच्छा." आणि डबा उचलून दुसऱ्या बाकावर गेली. तेव्हापासून मी शाळेत कमी बोलायला लागले. बाई प्रगतिपुस्तकात लिहायच्या, शांत मुलगी आहे. तो माझा स्वभाव आहे असं पुढे मलाही वाटू लागलं.

दवाखान्यातल्या तिसऱ्या दिवशी शनिवार होता. सिस्टर केसपेपर घेऊन आल्या. "सुट्टी आहे. हिला घरी न्या. इथे सही करा."

मैत्रीचा ताप उतरला नव्हता. मी कागद वाचला. खाली इंग्रजीत आधीच लिहून ठेवलं होतं. नातेवाईक पुढील उपचारास तयार नाहीत. धोका समजावून सांगितला आहे. रुग्णाला स्वतःच्या मर्जीने व जबाबदारीवर नेत आहेत.

मी दोनदा वाचलं. मला कोणी काही समजावलं नव्हतं. माझी मर्जी कोणी विचारली नव्हती. सिस्टरांनी पेन पुढे धरलं होतं. त्यांना अजून चार खाटा रिकाम्या करायच्या होत्या.

आई शेजारी उभी होती. तिला वाचता येत नाही. तिने विचारलं, "काय लिवलं आहे त्याच्यात?"

मी म्हटलं, "सुट्टीचं आहे."

आणि सही केली. शाळेने शिकवलेल्या सुंदर अक्षरात.

सोमवारी सकाळी मैत्रीचे ओठ निळे पडले. बोलताना दोन शब्दांनंतर थांबायला लागली. गाडी करून नागपूर गाठलं. मागच्या सीटवर आईने तिला छातीशी उभं धरलं होतं, कारण आडवं केलं की तिचा जीव घाबरायचा. नागपूरला छातीचा फोटो काढला. उजवं फुप्फुस खालून पांढरं झालेलं. अकरा दिवस ऑक्सिजन. दोनदा रक्त चढवलं.

तिथले डॉक्टर सभ्य होते. खुर्ची दिली. कागद चाळले आणि थांबले. "ताप असताना तुम्ही हिला का घेऊन गेलात? इथे लिहिलंय, तुम्ही उपचाराला तयार नव्हता. ही सही तुमची आहे ना?"

मी म्हटलं, "हो."

दुसरं काय म्हणणार? सही माझीच होती.

व्हरांड्यात आईने मला धरलं. "कायले सही केली तू? मले त वाचता येत नाही. तुले त येते. म्या इचारलं तं खोटं बोलली माह्याशी." मी रडायला लागले तर ती आणखी चिडली. "बाबानं गप बसाले घातलं होतं का तुले इंग्रजी शाळेत? गप बसाले त आमी घरीच शिकवलं असतं." पुढचे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. नातीशी बोलायची. माझ्या हातचा चहा खाली ठेवून द्यायची.

त्यानंतर त्या दवाखान्यात जाणं सुटलं नाही. नागपूर दर वेळी शक्य नसतं. दोन महिन्यांनी, कधी महिन्याने, मैत्रीला दुखायचं आणि आम्ही त्याच वॉर्डात असायचो. बोलणं मला अजून जमत नव्हतं. बघणं जमायचं. मी कागद बघायला लागले.

एका राईस मिलवाल्याचा नातू आठवडाभर तिथे होता. डॉक्टर त्याच्या खाटेवर बसायचे. घरी काय द्यायचं, काय झालं तर परत आणायचं, सगळं हिंदीतून दोन-दोनदा सांगितलं. जाताना छापील कार्ड, त्यावर फोन नंबर. आणि देवरीकडच्या, सालेकशाकडच्या जंगलातल्या गावांतल्या, आमच्या वस्त्यांतल्या बायांच्या कागदावर ती ओळ. ओळीखाली निळा अंगठा. शनिवारी जास्त. रविवारी वॉर्ड हलका हवा असायचा. मूल वाटेत किंवा घरी दगावलं तर कागद सांगणार, यांनीच नेलं. जबाबदारी मुलासोबत घरी पाठवायची, आणि ज्याला पाठवायची त्याला वाचता येणार नाही अशा भाषेत लिहायची. कोणी आरडाओरडा करत नव्हतं. रोजचं काम होतं ते.

नवऱ्याच्या घड्याळावर मी मैत्रीचे श्वास मोजायला शिकले. वहीत लिहून ठेवायचे.

पुढच्या वर्षी, धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू असताना, तिला परत घेऊन गेलो. तोच वॉर्ड. तेच डॉक्टर. "फिर आ गयी?" एवढं म्हणून ते पुढे गेले. ताप होता. उजव्या बरगडीखाली दुखत होतं. मागच्या वर्षीसारखंच.

शेजारच्या खाटेवर देवरीकडची एक बाई होती. दीड वर्षाची मुलगी, अंगात रक्त नाही, डोळे पिवळे. बाई रोवणा सोडून आली होती, नखांत चिखल तसाच होता. वरचा पंखा बंद होता. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "पंख्याची बी शनवारची सुट्टी आहे वाटते." त्या दिवशी शनिवार होता. मैत्री त्या दुखण्यातही हसली.

दुपारी सिस्टर आल्या. आधी तिच्या खाटेशी. हातात केसपेपर आणि शाईचा डबा. "सुट्टी आहे. अंगठा द्या." बाईने अंगठा शाईत बुडवला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "अवं बाई, तू शिकली दिसतेस. काय लिवलं आहे त्याच्यात?"

मला वाचायला वाकावंही लागलं नाही. ओळ पाठ होती.

सुट्टीचं आहे, असं म्हणता आलं असतं. सोपं होतं.

मी म्हटलं, "याच्यात लिहिलंय की तुम्हाला उपचार नको आहे. तुम्ही पोरीला आपल्या मर्जीने घेऊन जाऊन राहिल्या. काही झालं तर दवाखाना जबाबदार नाही."

"मी कधी म्हटलं असं?"

"तुम्ही नाही म्हटलं. त्यांनी लिहिलंय."

"रोवणा सोडून आली मी इथं. दिवसाची मजुरी बुडवून. अन् मर्जीनं नेतो म्हणते?" तिने अंगठा मागे घेतला. शाई लुगड्याला पुसली. पलीकडच्या खाटेवरून एक म्हातारी म्हणाली, "पोरी, माह्या नातवाचा बी कागद पाह्य बरं."

सिस्टर माझ्यावर ओरडल्या. "मॅडम, दुसऱ्याच्या पेशंटमध्ये पडू नका."

मी खाटेची दांडी धरली. सिस्टरांनी डॉक्टरांना बोलावलं. ते आले. मागे तीच रांग.

"क्या प्रॉब्लेम है?"

माझ्याकडे इंग्रजी वाक्यं होती. वर्षभर मी ती घडवली होती, भांडी घासताना, मैत्रीला झोपवताना. व्याकरण चोख. ती बोलले असते तर त्यांचा चेहरा पडला असता. कदाचित मला वेगळी वागणूक मिळाली असती. खुर्ची मिळाली असती. पण मग ते बोलणं त्यांच्यात आणि माझ्यातच राहिलं असतं. वॉर्डातल्या बाया नुसत्या बघत राहिल्या असत्या. मी मराठीत बोलले. मोठ्याने. मला माझा आवाज ओळखू येईना.

"हिला ताप आहे. मिनिटाला सेहेचाळीस श्वास आहेत. उजवीकडे दुखतंय. मागच्या वर्षी असंच होतं, तुम्ही नाटक म्हणालात, आणि ही अकरा दिवस ऑक्सिजनवर होती. छातीचा फोटो काढा. काढायचा नसेल तर इथे लिहा. आईने फोटो मागितला, मी नाही म्हटलं. खाली तुमची सही करा."

"तुम मुझे सिखाओगी?"

"नाही. लिहा."

"गूगल पढ के आ जाते हैं लोग."

तो शिकाऊ डॉक्टर परत हसला. मी थांबले. त्याचं हसून झाल्यावर म्हटलं, "लिहा."

देवरीची बाई उभी राहिली. "माह्या पोरीचं बी लिवा," ती म्हणाली. "रक्त नाही देत म्हनून लिवा."

सिस्टरांनी कागद धरला होता. डॉक्टरांच्या खिशाला पेन होतं. त्यांनी ते काढलं नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि निघून गेले.

अर्ध्या तासाने वॉर्डातला माणूस चाकाची खुर्ची घेऊन आला. "एक्स-रे कोणाचा आहे?"

फुप्फुसावर डाग होता. त्या दुपारी ऑक्सिजन लागला. या वेळी ओठ निळे व्हायच्या आधी. देवरीच्या बाईच्या मुलीला सोमवारी रक्ताची बाटली लागली.

कोणी माफी मागितली नाही. सोमवारीच आमची खाट संडासाच्या दाराजवळ नेली. केसपेपरवर इंग्रजीत नवी ओळ आली, आई सहकार्य करत नाही. नवरा आश्रमशाळेत शिक्षक आहे, तो आला आणि वास घेऊन समजला. म्हणाला, "वैर कायले घेतलं तू? आपल्याले परत इथंच यावं लागते." खरं बोलत होता. परत तिथेच जावं लागतं. तीन वेळा गेलो त्यानंतर.

मैत्री आता शाळेच्या फाटकापर्यंत धावते आणि बसून घेते. पहिल्या वेळच्या त्या उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पूर्ण सुधारला नाही. मी ज्या दिवशी सही केली त्या दिवसाचं ते आहे. आमच्या दोन घरांनी रक्त लपवलं, तो आमचा गुन्हा. तो मी आता लपवत नाही. माझ्या नणंदेच्या लग्नाच्या बोलण्यात मीच तोंडावर विचारलं, मुलाचं कार्ड दाखवा. घरात महिनाभर माझ्याशी कोणी धड बोललं नाही. चालेल. पण आमच्या गुन्ह्याची शिक्षा कोण्या डॉक्टरने माझ्या मुलीच्या छातीवर द्यायची नाही. तो त्याचा अधिकार नाही. रक्त कोणाचं, आडनाव कोणतं, कोण शिकलेलं, हे बघून श्वास मोजायचे नसतात.

पुढच्या दुखण्याला मी परत जाईन. मला भीती वाटेल. तरी बोलेन, आणि सगळ्यांना कळेल असं बोलेन. शेजारच्या खाटेवरची बाई विचारेल तर कागद वाचून दाखवीन. नाही विचारलं तरी दाखवीन. मिळेल ती खाट घेईन. माझ्या मुलीला तपासल्याशिवाय तिथून उठणार नाही.