आत्याच्या हातचं पाणी

राज्यांच्या नव्या आखणीत नागपूर परराज्यात गेलं, तरी आमचा सिनेमा तिथेच राहिला होता. पांढुर्ण्याहून सकाळची गाडी पकडायची आणि दुपारच्या खेळाला परराज्यात जाऊन बसायचं. एकदा विधवा आत्याला मी हौसेनं सोबत नेलं. पोस्टरवर हात जोडून बसलेली बाई पाहून मला तो देवाधर्माचा सिनेमा वाटला होता. निघाला जपानी! पण तिकिटं काढून झाली होती.

सिनेमा सुडाचा होता, आणि तलवार म्हणून कोणी उपसली नाही. एक विधवा नवऱ्याला मारणाऱ्याच्याच घरी कामाला राहते आणि रोज त्याला चहा देते. तो तिला ओळखतो. चहात विष असेल या धास्तीनं त्याचा हात कापतो. पण नको म्हटलं तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल, म्हणून मुकाट्यानं पितो. विष कधीच नसतं. माणूस मात्र वाळत जातो. संगीत जवळजवळ नाहीच, फक्त पेला ठेवल्याचा आवाज. इतका भीतिदायक सिनेमा मी पुन्हा पाहिला नाही. खालची इंग्रजी अक्षरं मी धडपडत वाचत होतो. आत्याला त्यांची गरज पडली नाही. अंधारात ती एकदाच हळू हसली.

परतताना गाडीत ती म्हणाली, "मी बी तेच करून राहिली ना रे."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड मारतात. ती गोटमार. त्यातच आत्याचा नवरा गेला. दगड कोणाचा, हे दोन्ही काठांना ठाऊक होतं. पण गोटमारीचं वैर घरी न्यायचं नाही. संध्याकाळी पलीकडचे लोक चंडीच्या दर्शनाला आमच्या गल्लीतून जात आणि गल्लीतल्या बाया त्यांना पाणी देत. ज्याचा दगड होता, तो माणूसही येई. दरसाल आत्याच्याच दारात थांबे, मान खाली घालून पाणी पीत असे. आम्ही म्हणायचो, काय मोठं मन आहे बाईचं!

"मले वाटे, मी रीत पाळून राहिली," आत्या म्हणाली. "त्याचा हात कापे, तं मले बरं वाटे. काहून बरं वाटे, ते आज समजलं."

पुढच्या गोटमारीला तो आला नाही. त्याची सून आली, रिकामा गडवा घेऊन. "मामाजी खाटेवर हायेत, बाई. घरचं पाणी घेऊनच नाही राहिले. तुमच्या हातचं आन म्हनतात."

आत्यानं गडवा भरला. उंबऱ्यात थांबली, तोंडाला लावून घोटभर पाणी प्यायली आणि मग तो सुनेच्या हातात दिला. मरणाऱ्याला उष्टं पाणी! सून बघतच राहिली.

"त्यायले सांगजो, आंधी मी पेली."

सकाळी पलीकडून निरोप आला. गडवा त्यानं स्वतःच्या हातानं रिकामा केला, हात कापला नाही, आणि पहाटे गेला. नवऱ्याच्या वेळी आत्या रडली नव्हती, असं घरात सांगत. त्या सकाळी उंबऱ्यात बसून ती दोघांसाठीही रडली.