मुनिराबींचे एअर क्लीनर

शहागंजात भाजीबाजाराच्या मागं एक बोळ आहे. त्यात चारचाकी शिरत नाही. म्हणून जुन्या मोटारींचे मालक आपली फियाट किंवा अॅम्बेसेडर बाहेर रस्त्यावर लावतात, बॉनेट उघडून एअर क्लीनर काढतात आणि तो काळा, तेलकट डबा वर्तमानपत्रात गुंडाळून आत चालत येतात. दारावर पाटी नाही. पण विचारलं तर कोणीही सांगतं, "डब्बेवाल्या मुनिराबी व्हय? त्या काय, पाण्याच्या टाकीजवळ."

मुनिराबी आता एकोणसाठ वर्षांच्या आहेत. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या गाड्यांचे एअर क्लीनर त्या दुरुस्त करतात. इंजिनात जाणारी हवा आधी या डब्यातून गाळली जाते आणि धूळ तिथंच अडते. या गाड्या निघायच्या बंद झाल्याला जमाना झाला. त्यांच्या मापाचे फिल्टर दुकानात मिळत नाहीत. मुनिराबी गंजलेला पत्रा कापून नवा जोडतात आणि आतला कागदी फिल्टर घडी घडी मोजून हातानं बनवतात. हे काम करणारी दुसरी बाई त्यांनी पाहिलेली नाही.

त्यांचं माहेर कन्नड गावचं. वडील पत्र्याचं काम करायचे. नरसाळी, धान्याची मापं, रॉकेलचे डबे घरी बनवायचे आणि आठवडी बाजारात विकायचे. थोरल्या तिघी बहिणी आईच्या हाताखाली होत्या. धाकटी मुनिरा वडिलांजवळ बसायची. बाराव्या वर्षी ती पत्र्याच्या सांध्यांना कथलाचा डाख द्यायला लागली. डबा तयार झाला की वडील त्यात पाणी भरून ठेवत आणि चहा पिऊन झाल्यावर खालच्या सांध्यावरून बोट फिरवत. बोट ओलं झालं तर काही न बोलता डबा तिच्याकडं परत सरकवत. त्या सांगतात, ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न शफीकशी झालं. शफीक शहरात पेट्रोल गाड्यांचा मिस्तरी होता. स्वतःचं छोटं गॅरेज होतं आणि हाताला गुण होता. गाडी फाटकात शिरायच्या आधी तो आवाजावरून बिघाड सांगायचा आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघायचा. त्यामुळं त्याला कोणी चूक सांगत नसे. एअर क्लीनरबद्दल त्याचं मत पक्कं होतं. तो म्हणायचा, इंजिनाला हवा मोकळी पाहिजे, कंपनीनं उगाच तोंडाला डबा बांधलाय. डबा गंजला किंवा चोंदला की तो काढून टाकायचा आणि कार्बोरेटरच्या तोंडावर बारीक जाळी बसवून द्यायचा. गाडी दोन दिवस जोरात पळायची. गिऱ्हाईक खूश व्हायचं. काढलेले डबे भंगारात द्यायचे म्हणून तो घरी आणून माळ्यावर टाकायचा.

कन्नडच्या कडुबांची जीप त्याच्याकडंच यायची. कडुबा मुनिराबींच्या माहेरच्या गल्लीतले. कन्नड ते पिशोर सवाऱ्या वाहायचे. त्यांच्या जीपचा एअर क्लीनर जुन्या धाटणीचा होता. खाली वाटीत तेल असायचं. हवा त्या तेलावरून जायची आणि धूळ तेलात बसायची. मुनिराबींच्या लग्नाला दहाएक वर्षं झाली असतील; वाटीचं बूड गंजून तेल गळायला लागलं, तेव्हा शफीकनं अख्खा डबाच काढला.

आठ महिन्यांनी कडुबा घरी आले. गॅरेजवर न जाता घरी आले, यावरूनच मुनिराबींना काहीतरी बिनसल्याचं कळलं.

"पोरी, त्यो डबा हाय का गं तुमच्याकडं?" त्यांनी विचारलं.

"कोणता, मामा?"

"माझ्या जीपचा. गाडी निळा धूर फेकाया लागली. लिटरानं ऑइल पेती. कन्नडच्या मिस्तरीनं इंजिन उघडलं, तर आत बोटाला माती लागली. त्यो म्हनला, डबा कुनी काढला, त्याला इचारा."

"मग त्यांना का नाही विचारलं?"

कडुबांनी टोपी सारखी केली. "जावयाला काय इचारायचं," ते म्हणाले.

शफीकला हे मुनिराबींनी सांगितलं, तर त्यानं उडवून लावलं. पिशोरचा रस्ताच तसला, सवाऱ्या जास्त भरतात, इंजिन जुनं होतं. त्याची कारणं एकामागून एक तयार होती. मुनिराबींनी वाद घातला नाही. दुपारी माळ्यावरून तो डबा उतरवला, सडलेलं बूड कापलं, नवा पत्रा गोल करून डाख दिला. पाणी भरून ठेवला, तासाभरानं बोट फिरवलं. बोट कोरडं होतं. दुसऱ्या दिवशी कन्नडच्या एसटीत ओळखीच्या कंडक्टरजवळ डबा दिला.

कडुबांनी इंजिन बांधून घेतलं, डबा बसवला आणि जीप पुन्हा रस्त्याला लागली. इथवर ठीक होतं. पण कडुबा साधे माणूस. पुढच्या खेपेला गॅरेजवर चार गिऱ्हाइकांसमोर ते म्हणाले, "शफीकभाई, तुमच्या घरच्यांनी काम लई बेस केलंय बघा."

शफीक त्या दिवशी लवकर घरी आला, जेवला आणि पाठ करून निजला. तीन आठवडे तो बायकोशी कामापुरतंच बोलला. चौथ्या आठवड्यात मुनिराबींना सकाळी उंबऱ्याच्या आत एका फियाटचा एअर क्लीनर ठेवलेला दिसला. कोणाचा, काय करायचं, काही निरोप नव्हता. त्यांनी तो नीट केला आणि संध्याकाळी तिथंच ठेवला. सकाळी तो नव्हता आणि दुसरा होता.

पुढं पंचवीस-सव्वीस वर्षं हे असंच चाललं. शफीकनं डबे काढून फेकणं बंद केलं. आपलं चुकलं असं मात्र तो कधी म्हणाला नाही. गिऱ्हाइकांना वाटायचं, डबेही तोच करतो. मुनिराबींनीही कुठं खुलासा केला नाही. याचं वाईट वाटायचं का, असं विचारलं तर त्या म्हणतात, "तेव्हा नाय वाटलं. आता इचार केला की वाटतं थोडं."

चार वर्षांपूर्वी शफीकच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं अर्धंमुर्धं परत आलं, हात आला नाही. गॅरेजची जागा मूळ मालकानं परत घेतली. तेव्हा जुनी गिऱ्हाइकं फोन करून विचारू लागली की आता डबे कोण करणार. मुनिराबींनी फोन घेतला आणि सांगितलं, "आधीपासून मीच करते. घेऊन या."

तेव्हापासून त्या शफीकच्या खुर्चीसमोरच काम करतात. तो बघत असतो. पकड चुकीची धरली की डाव्या हातानं खुर्चीच्या दांड्यावर टकटक करतो.

मागच्या वर्षी विश्वजीत नावाचे वकील आपली सत्त्याहत्तर सालची फियाट घेऊन आले. गाडी त्यांच्या वडिलांची. नोंदणीचं नूतनीकरण करायचं होतं आणि त्यासाठी आधी पीयूसी पाहिजे होतं. जालना रस्त्यावरच्या एका पंपावर मेघा नावाची मुलगी व्हॅनमध्ये पीयूसी केंद्र चालवते. तिनं धुराच्या नळीत मशीनची कांडी घातली आणि आकडा दाखवला: कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्के. एवढ्या जुन्या गाडीला तीनची मुभा आहे. विश्वजीतनी दोनदा कार्बोरेटर सेट करून घेतला. दोन्ही वेळा गॅरेजवर आकडा उतरला आणि आठवड्याभरात मेघाच्या मशीनवर पुन्हा चारच्या वर गेला. कोणीतरी त्यांना सांगितलं, दुसरीकडं गाडी न दाखवताच पीयूसीचा कागद मिळतो. मेघाला त्यांनी हे गमतीत सांगून पाहिलं.

"मिळत असेल, सर," मेघा म्हणाली. "माझ्याकडं मशीन म्हणेल तेच छापलं जातं. तुम्ही एअर क्लीनर उघडून बघितलाय का?"

तो उघडल्यावर फिल्टर तेलानं निथळत होता. मिस्तरी डबा बाजूला ठेवून कार्बोरेटर लावत होता आणि मग तोच ओला फिल्टर परत बसवत होता. हवा कमी, पेट्रोल जास्त, म्हणून धूर. मेघानंच त्यांना मुनिराबींचा पत्ता दिला.

मुनिराबींनी फिल्टर बोटानं दाबला. "नवा घातला तरी चार महिन्यांत असाच होईल," त्या म्हणाल्या. "तेल कुठून येतं ते बघावं लागंल."

त्या बाहेर रस्त्यावर गाडीपाशी गेल्या. इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ एका नळीनं एअर क्लीनरमध्ये येते आणि पुन्हा जळून जाते. वाफ उघड्यावर सुटू नये म्हणून केलेली ती सोय. वाटेत तारेची एक जाळी असते; तेलाचे थेंब तिथं अडतात. मुनिराबींनी नळी काढून आत बोट घातलं. जाळी नव्हती.

"ही गाडी कोणाकडं असायची?"

"तुमच्याकडंच, भाभी. वडिलांच्या वेळेपासून गॅरेज बंद होईपर्यंत शफीकभाईंशिवाय कोणी हात लावला नाही."

घरात येऊन मुनिराबींनी ती रिकामी नळी खाली ठेवली. शफीक त्या नळीकडं बघत राहिला. विश्वजीतना वाटलं, त्याला ओळख पटत नसावी.

"मैंच निकाल्या था," शफीक म्हणाला. शब्द जड येत होते. "जाळी चोंदते म्हणून. तुमच्या... वालिदनं विचारलं होतं. मी बोललो, फालतू चीज आहे."

"अहो, किती वर्षं झाली त्याला," विश्वजीत म्हणाले.

"माझी गलती," शफीक म्हणाला. मग त्यानं मान वळवली आणि तेच बायकोकडं बघून पुन्हा म्हटलं. मुनिराबी पत्रा मोजत होत्या. त्यांनी मान हलवली आणि माप पहिल्यापासून पुन्हा घेतलं, कारण आधीचा आकडा त्या विसरल्या होत्या.

पिठाच्या चाळणीला लावतात तसली पितळी जाळी त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणली, गुंडाळी करून नळीत बसवली. नवा फिल्टर बनवला. तयार झाल्यावर आत दिवा धरून बाहेरून बघितला. उजेड कुठं फटीतून येतो का ते कळतं. कार्बोरेटर या वेळी मिस्तरीनं डबा चढवूनच लावला. मेघाच्या मशीनवर आकडा दोन पूर्णांक एक दशांश आला. महिन्याभरानं मेघानं स्वतःहून पुन्हा तपासला, तेव्हाही तेवढाच. तिनं मुनिराबींना फोन केला आणि तेव्हापासून ती नापास झालेल्या जुन्या गाड्या शहागंजात पाठवते. दोघी अजून समोरासमोर भेटलेल्या नाहीत.

सध्या अडचण कागदाची आहे. वाळूजच्या एका कारखान्यात उरलेले फिल्टरच्या कागदाचे तुकडे एक भंगारवाला आणून द्यायचा. त्या कारखान्यानं ते काम बंद केलं. मुनिराबींकडं आता एक गुंडाळी शिल्लक आहे. फार तर तीस फिल्टर होतील. विश्वजीतनी दोन ठिकाणचे नमुने मागवले. एक कागद घडी घालताना चिरतो. दुसरा बरा आहे, पण ओला झाला तर टिकेल का ते कळायला पावसाळा जावा लागेल. म्हणून तो मुनिराबींनी सध्या एकाच अॅम्बेसेडरला बसवलाय आणि मालकाला सांगितलंय, दर पंधरा दिवसांनी उघडून दाखवायला आणा. मालक कुरकुरत का होईना, आणतो.