हॅम्बर्गला कॅलिफोर्नियाच्या पांढऱ्या वाइन चाखताना, सासऱ्यांसोबत

डार्मश्टाटला आमच्या घराजवळ वाइनचं एक छोटं दुकान आहे. मालकीणबाईंना शनिवारी मदतीला कुणीतरी हवं होतं आणि आठवडाभर लॅबमध्ये काढल्यावर मला एक दिवस तरी असं दुकानातलं काम करायचं होतं. त्यांची अट साधी होती: हॅम्बर्गला कॅलिफोर्नियाच्या पांढऱ्या वाइनचं टेस्टिंग आहे, तिथल्या सहा वाइनची वर्णनं लिहून आण, मग बघू. निखिलला, म्हणजे नवऱ्याला, ऐनवेळी ऑफिसचं काम निघालं. त्याच्या तिकिटावर साताऱ्याहून आलेले माझे सासरे निघाले.

निखिलनं बजावलं होतं, "बाबांना फूड फेस्टिवल म्हणून सांग." मला ते जमलं नाही. फ्रांकफुर्टला गाडी बदलल्यावर डबा उघडता उघडता खरं सांगून टाकलं.

"म्हणजे दारू," थालीपीठ मोडत बाबा म्हणाले.

"हो बाबा."

पुढे कासेल स्टेशनपर्यंत ते एकच थालीपीठ खात राहिले. काम मिळूनही बाबांच्या मनात अढी राहिली असती, तर मला ते गोड लागलं नसतं.

हॅम्बर्गला पाऊस होता, तो असतोच. शहराचा दिवसाचा पास काढा, त्यात बंदरातली फेरीबोटही येते. वेगळ्या सफरीचे पैसे घालवू नका. धक्क्यावर बाबांनी माशाचा पाव खाल्ला, "तिखट नाही" म्हणाले आणि दुसरा मागितला.

टेस्टिंग बंदराकाठच्या जुन्या गोदामात होतं, प्रवेश वीस युरो. रीत अशी: वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि बादलीत थुंकायचा. पण शेजारच्या खुर्चीवर बाबा! सासऱ्यांसमोर थुंकायचं कसं? मी आपली सभ्यपणे गिळत गेले. तिसऱ्या वाइनला कान तापले होते आणि वहीत लिहिलं होतं: सफरचंद. सफरचंद. बहुतेक सफरचंद.

"अगं, ही सगळी माणसं थुंकतायत. तू का पितेयस?" बाबांनी विचारलं.

"तुमच्यासमोर कसं थुंकू?"

ते उठले आणि त्यांनी खुर्ची खिडकीकडे फिरवली. "मी जहाजं बघतो. तू तुझं काम कर."

मी पाणी प्यायले, कोरडा पाव खाल्ला, अर्धा तास थांबले. मग उरलेल्या तीन. सोव्हिन्यों ब्लांकला कैरीचं देठ मोडल्यावर येतो तो चिकाचा वास. व्हिओन्येला सोनचाफा, तोंडात मात्र ती अगदी कोरडी. शार्दने ओकच्या पिंपात मुरलेली. तिला कढत्या लोण्याचा वास. खात्री होईना म्हणून मी तो ग्लास बाबांच्या नाकाशी धरला.

"तूप झालंय, उतरवा आता," जहाजांवरची नजर न काढता ते म्हणाले. मी ते जर्मनमध्ये लिहिलं.

डार्मश्टाटला परतल्यावर वही दाखवली, तर मालकीणबाईंनी पहिल्या तीन वर्णनांवर सरळ काट मारली. शार्दनेचं दोनदा वाचलं, तूप कसं करतात ते विचारलं आणि म्हणाल्या, "शनिवारी दहाला ये." तुम्ही अशा ठिकाणी गेलात तर पहिल्या घोटापासून थुंका, एवढंच सांगेन.

घरी येऊन बाबांना म्हटलं, काम मिळालं. त्यांनी नुसती मान हलवली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? मी स्वयंपाकघरात कणीक मळायला घेतली. बाहेर बाबा साताऱ्याला त्यांच्या मोठ्या भावाशी फोनवर बोलत होते.

"सून ना? लॅबमध्ये आहेच. आता शनिवारी वाइनच्या दुकानातपण जाणार. हो, वाइनच्याच. हळू कशाला बोलू, दादा? परीक्षा देऊन मिळवलंय तिनं."