व्हाळापलीकडची वजाबाकी

"मास्तरानूं, तुमी व्हाळाच्या पलीकडे बसा. हंयसर आमच्या चुली आसत."

दाजी हे दुसरीच्या मुलांसमोर म्हणाले. मी आंब्याच्या खोडाला फळा टेकवत होतो. हातात खडू होता. दाजी आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष, देवळाच्या मानकऱ्यांपैकी एक. आवाज चढवला नाही त्यांनी. पाहुण्याला पाटावर बसा म्हणावं तसं हसत म्हणाले.

"आणि मुलं?" मी विचारलं.

"आमची हंयच रवतली. तुमची तुमच्याबरोबर न्हेवा. तुमी थंयसून मोठ्यान सांगा. ऐकाक येता मरे, व्हाळ म्हणजे काय दर्या आसा?"

चुलीकडच्या बायका हसल्या. मुलं हसली. मीही हसलो. हे लिहायचं मी टाळत होतो, पण तेच आधी लिहायला हवं. मी हसलो, फळा काखोटीला मारला, चपला हातात घेतल्या आणि पाण्यात उतरलो. माझ्यामागून बौद्धवाडीतली तीन मुलं उतरली. त्यांना कोणी नावानं हाक मारली नव्हती. 'तुमची' म्हटल्यावर त्यांना कळलं.

गावपळण होती. आमच्या किनाऱ्यावरच्या काही गावांत ही प्रथा आहे. देवाचा कौल झाला की सगळा गाव तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, सगळं. गावात चूल पेटत नाही. व्हाळाकाठी, म्हणजे ओहोळाकाठी, झावळ्यांच्या राहुट्या उभ्या राहतात. मी त्या गावचा नाही, कसालच्या आतल्या बाजूच्या एका बौद्धवाडीतला. पण नोकरी तिथे, भाड्याची खोली तिथे. मलाही निघावं लागलं.

पेपरवाले दर खेपेला लिहितात, या तीन दिवसांत उच्चनीच उरत नाही, सगळा गाव एका आभाळाखाली. आभाळ एकच असतं, खरं आहे. राहुटी कोणी कुठे बांधायची ते मात्र कोणाला विचारावं लागत नाही.

त्या महिन्याचं दुसरीचं गणिताचं नियोजन मी आधीच देऊन ठेवलं होतं. पहिल्या आठवड्यात दशक-एकक. दुसऱ्यात हातच्याची बेरीज. तिसऱ्यात वजाबाकी, दशक सुटा करून. चौथ्यात सराव. गावपळण नेमकी तिसऱ्या आठवड्यात आली. केंद्रप्रमुख फोनवर म्हणाले, "सर, झाडाखाली घ्या वर्ग, पण घटक मागे पडता कामा नये. तपासणी आहे."

दशक सुटा करणं म्हणजे असं. बावन्नातून सतरा घालवायचे. दोनांतून सात जात नाहीत. मग दहा काड्यांचा एक गठ्ठा बँकेत द्यायचा आणि दहा सुट्या काड्या घ्यायच्या. काड्या माडाच्या हिरांच्या. बँक म्हणजे बुटांचा एक खोका, आणि खोक्यामागे बसलेलं एक मूल. प्रत्येकाला बँकेवर बसायचं असतं. मुलांना त्यासाठी गणित आवडतं, असंही म्हणता येईल.

माझ्या वर्गात बँक कायम देऊळवाडीच्या गटाकडे असायची.

कारण सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एकदा बौद्धवाडीतल्या मुलाला मी बँकेवर बसवलं. दुसऱ्या दिवशी देऊळवाडीतल्या चार आया शाळेच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. भांडल्या नाहीत. नुसत्या उभ्या. मी बँक बदलली. त्यानंतर कोणाला उभं राहावं लागलं नाही, कारण नियोजनातच मी सोय करून ठेवली. वाडीप्रमाणे गट पाडले. त्याला नाव दिलं 'परिसरनिहाय गट'. केंद्राच्या शिक्षण परिषदेत ते नियोजन नमुना म्हणून वाचून दाखवलं गेलं. टाळ्या पडल्या. त्या मी घेतल्या.

मला कोणी तसं करायला सांगितलं नव्हतं. जात माझी, हात माझा, अक्षर माझं.

तर त्या सकाळी मी व्हाळाच्या या बाजूने ओरडून वजाबाकी शिकवत होतो. घोटाभर पाणी. पलीकडे खोका घेऊन आर्या बसली होती, दाजींची नात. अलीकडे माझ्याबरोबरच्या तिघांतली श्रावणी. श्रावणी बडबडी पोर, सगळी उदाहरणं तोंडाने म्हणत सोडवणारी. तिने गठ्ठा घेतला, पाण्यात उतरली, काठाशी पोचली.

"थंयच रव," आर्या म्हणाली. "गठ्ठो धोंडीर ठेव. हात फुडे कर."

श्रावणीने ओंजळ केली. आर्याने काड्या वरून सोडल्या. हात उंच धरून. सात वर्षांची पोर. आजीने त्याच सकाळी शिकवलं असणार. दोन काड्या ओंजळीबाहेर पडल्या आणि पाण्याबरोबर निघून गेल्या. श्रावणीने त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मीही त्या काड्याच बघत होतो.

ती आठ काड्या घेऊन परत आली. सतरा काढले, उरलेल्या मोजल्या. वहीत लिहिलं, तेहेतीस.

मी लाल पेनाने फुली मारली. "चूक. पस्तीस हवेत. नीट मोज."

पुढची उदाहरणं तिने तोंडाने म्हटली नाहीत.

माझ्या लहानपणी आमच्याकडचा दुकानदार गोळ्या अशाच वरून टाकायचा. एखादी मातीत पडायची. मी ती उचलून, फुंकून तोंडात घालायचो. गोड लागायची. अपमान वाटायचा असं सांगितलं तर शोभून दिसेल, पण तसं नव्हतं. मला वाटायचं, गोळ्या अशाच घेतात. श्रावणीलाही तसंच वाटावं, याची तजवीज मी वर्षानुवर्षं महिन्याच्या महिन्याला करत होतो. तक्ता आखून.

दुपारी एक तरुण मोबाइल घेऊन आला. कुठल्याशा चॅनेलसाठी चित्रण करत होता. मला गाठून म्हणाला, "सर, तुम्ही शिक्षक. सांगा ना, या तीन दिवसांत जातपात काही राहत नाही ना?"

दाजी शेजारी उभे होते.

"नाही," मी म्हणालो. "सगळे एकत्र."

"व्वा," तो म्हणाला.

संध्याकाळी श्रावणीची आई व्हाळावर भांडी घासत होती. मी पाणी न्यायला गेलो. तिने मान वर केली नाही.

"गुरुजी, बरां बोललात हां मोबाइलात. आमकां पण खराच वाटला."

मी कळशी पाण्यात बुडवली.

"चेडू विचारी होता. आये, काड्यो व्हावान गेल्यो तर चूक कोणाची? मी म्हटलंय, गुरुजींका इचार. तर म्हणता कसा, गुरुजींनी बघल्यानी मगे." तिने टोपावर राख फिरवली. "पाणी वरसून भरा. हंय खरकटा आसा."

इतकंच. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळा घेऊन, व्हाळ ओलांडून पुन्हा आंब्याखाली गेलो. तीन मुलांना बरोबर नेलं. खोका आर्यासमोरून उचलला आणि श्रावणीसमोर ठेवला. म्हटलं, "आज बँक हिच्याकडे. गठ्ठा हातात द्यायचा, काड्या हातात घ्यायच्या."

आर्या गठ्ठा धरून उभी राहिली. मागे वळून आजीकडे बघायला लागली. दाजी आले.

"मास्तरानूं, काल काय सांगितलंय?"

इतकी वर्षं मी त्यांच्याशी पुस्तकी मराठीत बोलत आलो. ते मालवणीत बोलायचे, मी पुस्तकातलं. त्या दिवशी तसं झालं नाही.

"सांगितलात. आयकलंय. आज आयकूचंय नाय."

"नोकरी जड झाली काय?"

"होय, अशी करूची तर जड झाली. काड्यो हातात दिल्याबिगर मी वर्ग सुरू करूचंय नाय."

ते हसले नाहीत. कोणीच हसलं नाही. बायका चुलीवरून उठल्या आणि एकेक मूल दंडाला धरून नेऊ लागल्या. त्या गेल्या नव्हत्या तोवरच मी मोठ्याने म्हणालो, काल पलीकडून सांगत होतो तितक्याच मोठ्याने, "श्रावणी, काल तुझं मोजणं बरोबर होतं. तुला आठच काड्या मिळाल्या होत्या. दोन वाहून गेल्या. मी बघितलं होतं, आणि तरी फुली मारली."

तिला आनंद झाला नाही. तिने दप्तरातून वही काढली आणि पान उघडून माझ्यासमोर धरली.

"मगे खोडा."

मी खोडली. तोवर आर्याला आजीने ओढून नेलं होतं. गठ्ठा तिच्या हातातच राहिला. आंब्याखाली तीन मुलं आणि मी. त्या दिवशी वजाबाकी त्या तिघांनीच केली.

गाव परत गावात आला. दुसरीच्या वर्गातली अर्धी मुलं अजून आलेली नाहीत. माझ्याविरुद्ध अर्ज गेला आहे, प्रथेचा अवमान आणि मुलांचं शैक्षणिक नुकसान. केंद्रप्रमुख घरी येऊन बसले. चहा घेतला. म्हणाले, "सर, गैरसमज झाला अशा दोन ओळी द्या. पुढच्या महिन्याला जुने गट ठेवा. विषय मिटतो. निवृत्तीला किती वर्षं राहिलीत तुमची?"

गैरसमज कोणाचाच झालेला नाही. दाजींचा नाही, आर्याचा नाही, श्रावणीचा तर नाहीच. तसं मी त्यांना सांगितलं.

माझ्या हाताखालून गेलेली बौद्धवाडीतली मुलं आता मोठी झाली. कोणी मुंबईत आहे, कोणी रेडी बंदरात जहाजात खनिज भरायला जातो. वाटेत भेटली की "गुरुजी" म्हणून वाकतात. त्यांची माफी मागायला मी जाणार नाही. माफी मागितली तर ती देतील, इतकं वाकायला मी त्यांना शिकवलंय. ती मला नको.

पुढच्या महिन्याचं नियोजन मी काल दिलं. गट दर सोमवारी चिठ्ठ्या टाकून. बँकेवर प्रत्येक मूल, आळीपाळीने. कार्यपद्धतीच्या रकान्यात लिहिलंय, 'काड्या हाताला हात लावून द्याव्यात. वरून टाकू नयेत. वरून टाकणे ही अस्पृश्यता आहे.' केंद्रप्रमुख म्हणाले, शेवटचं वाक्य गणितात बसत नाही, काढा.

काढणार नाही. बदली झाली तर पुढच्या शाळेतही हेच वाक्य लिहीन. आणि मुलं आली नाहीत तर रिकाम्या बस्करांसमोर हजेरी घेईन, प्रत्येक नाव मोठ्याने उच्चारून. पण वाडीप्रमाणे गट माझ्या हाताने पुन्हा पडणार नाहीत.